बेंचवरची दुसरी खुर्ची

मार्चचा पहिला रविवार होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी मी माझ्या इंजिनिअरिंगच्या दोस्ताकडे उतरलो होतो. हा १९८१ साली शेजारच्या रॅलेला, एन. सी. स्टेटमध्ये, एम. एस. करायला आला. दोनच वर्षांत त्याच्या कॉलेजने बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मारलं. ह्यूस्टनवर ५४-५२, तेही शेवटच्या क्षणी. तेव्हापासून गडी कामातून गेला. मार्चमध्ये त्याच्याकडे पाहुण्याने जाऊ नये. गेलंच तर सामने बघायची तयारी ठेवून जावं.

पण त्या रविवारी टीव्ही बंद होता, कारण त्याची भाची आली होती आणि बहिणीने न्यू जर्सीहून फोन करून ठेवला होता, ‘तूच समजाव तिला.’ ही मुलगी तिथेच वाढली, पण आजीने सांभाळल्यामुळे मराठी बोलते ते थेट सदाशिव पेठेतलं. इथून तास-दीड तासावरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि तीन वर्षं तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची स्टुडंट मॅनेजर आहे. हुद्दा ऐकायला बरा वाटतो. काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणं, टॉवेल धुणं, मुली शॉटचा सराव करत असताना बास्केटखाली उभं राहून चेंडू परत फेकणं. आणि रात्री फिल्म कापणं.

तिच्यापुढे दोन कागद होते. एक शार्लटच्या एका बँकेतल्या डेटाच्या नोकरीचा. दुसरा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाचा: दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, फी माफ, वर हातखर्चाला थोडे पैसे. कॉलेज बास्केटबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हायचं तर बहुतेकांना शिडीची ही सर्वांत खालची पायरी चढावी लागते.

मामीने पोहे आणून ठेवले आणि वाद सुरू झाला.

मामा: हे बघ, माझा खेळाला विरोध नाही. या घरात तो कोण करणार? मला फक्त एक सांग. त्र्याऐंशीला आमच्या बेंचवर हेड कोच वालव्हॅनोच्या शेजारी कोण बसलं होतं?

भाची: मामा, मी तेव्हा जन्मायची होते.

मामा: मी तर जन्मलो होतो ना! त्या फायनलची शेवटची दहा मिनिटं मला तोंडपाठ आहेत. वालव्हॅनो मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर कसा धावला, तेही आठवतं. आणि त्याच्या असिस्टंटांपैकी एकाचंही नाव आठवत नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी या संघासाठी घसा फोडतोय, तरी. हे तुझं करिअर.

भाची: नाव आठवावं म्हणून कोण करतंय?

मामा: मग कशासाठी?

तिने उत्तर दिलं नाही. लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर कुठल्याशा सामन्यातली एक मुलगी चेंडू घेऊन उभी होती.

भाची: ही गुरुवारी आमच्यासमोर असणार. उजव्या हाताची आहे. पण स्क्रीन मिळाली, म्हणजे सोबतिणीने समोरच्या मुलीची वाट अडवली, की बहुतेक वेळा डावीकडे निघते, दोन टप्पे टाकते, थांबते आणि शॉट घेते. तिसरा टप्पा पडला की समजायचं, शॉट नाही, पास येणार. आता बघ. एक, दोन... शॉट. आता ही दुसरी क्लिप. एक, दोन, तीन... पास. दिसलं?

खरं सांगतो, मला काही दिसलं नाही. मामालाही दिसलं नसावं, कारण त्याने पोह्यांवरचं खोबरं चमच्याने बाजूला करायला घेतलं.

भाची: प्रत्येक सामना एका असिस्टंटच्या नावावर असतो. ‘हा स्काउट कोणाचा?’ असंच विचारतात. म्हणजे समोरचा संघ त्या असिस्टंटने कोळून प्यायचा. त्यांचे पाच-सहा सामने अथपासून इतिपर्यंत बघायचे. कोण कुठून शॉट घेते, कोणाला डाव्या हाताने जमत नाही, टाइमआउटनंतर पहिली चाल कुठली, दोन गुणांनी मागे असताना चेंडू कोणाकडे जातो, सगळं. मग त्याची पंधरा मिनिटांची फिल्म करायची. पंधराच. त्यापुढे मुलींचं लक्ष फोनकडे जातं. मग सरावाला आमच्याकडे मुलगे येतात, ते समोरच्या संघाची सोंगं घेतात. ‘तू आज ही डावखुरी गार्ड, तू ती उंच सेंटर.’ त्यांना चाली कोण शिकवणार? तोच असिस्टंट. आणि प्रत्यक्ष सामन्यात समोरच्या कोचने बोटांनी खूण केली रे केली की आपली असिस्टंट उठून ओरडते, पुढे काय येणार ते. समोरची चाल सुरू व्हायच्या आत.

मामा: आणि चुकलं की?

भाची: हेड कोच मागे वळून बघते.

मामा: काय म्हणते?

भाची: काही नाही. नुसती बघते.

ती हे सांगताना हसली, पण त्या बघण्याचा प्रसाद तिनेही कधीतरी खाल्ला असावा. मला आपल्याकडची गाण्याची बैठक आठवली. बुवांच्या मागे तंबोऱ्यावर शिष्य बसतो. बुवा दम घ्यायला थांबले की मधली जागा तो भरून काढतो, पण आपला आवाज त्यांच्या वर जाऊ देत नाही. अर्धं गाणं तो तिथेच शिकतो. मी हे बोलून दाखवलं. भाची खूश झाली. मामा नाही.

मामा: अरे, बैठक पडली म्हणून तंबोऱ्यावाल्याला घर विकून दुसऱ्या गावी जावं लागतं का? इथे जावं लागतं. हेड कोचला काढलं की नवा येतो तो आपली माणसं घेऊन. जुन्यांनी चंबूगबाळं आवरायचं. २०२४ ला आमचं स्टेट एक्केचाळीस वर्षांनी फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत गेलं, म्हणून मी फिनिक्सला गेलो होतो. फायनल फोरच्या गावी त्याच आठवड्यात कोचांचं अधिवेशनही असतं. हॉटेलच्या लॉबीत ही गर्दी! चाळिशीतली माणसं, छातीवर कॉलेजचा लोगो, हातात कॉफी, आणि बोलताना डोळे समोरच्यावर नाहीत. त्याच्या खांद्यावरून मागे, कोण मोठा कोच येतोय का ते बघतायत. कोणाची नोकरी गेलेली, कोणाची जायच्या बेतात. ज्या कोचने आम्हाला तिथवर नेलं, त्याला पुढच्याच मार्चमध्ये नारळ दिला. एका वर्षात! हेड कोचची ही गत, तर त्याच्या मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याचं काय?

भाची: बँकेतून काढत नाहीत?

मामा: काढतात. पण समोरची बँक जिंकली म्हणून नाही काढत.

इथे मामी हसली. मामाला जोर चढला. तो कॉर्पोरेट नोकरीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. वाद आकड्यांवर आला की त्याचा आवाज खाली येतो.

मामा: पगाराचं ऐक. १९९१ साली एनसीएएला, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेला, काटकसरीचा झटका आला. आता काटकसर कोणाची करायची? हेड कोचची नाही. त्यांनी असिस्टंटांमधली एक जागा ठरवली आणि तिला नाव दिलं ‘रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच’. नावातच मर्यादा! वर्षाला १६,००० डॉलर, त्यावर एक छदाम नाही. १२,००० कॉलेजच्या वर्षाचे आणि ४,००० उन्हाळ्याचे. माणूस कालचा पोरगा असो नाहीतर वीस वर्षं घासलेला, आकडा तोच. शेवटी त्या कोचांनी कॅन्ससच्या फेडरल कोर्टात दावा लावला. सगळ्या कॉलेजांनी मिळून पगार बांधायचा म्हणजे साटंलोटं, बाजारात स्पर्धाच नाही. १९९५ ला कोर्टाने नियम बेकायदा ठरवला, १९९८ ला अपिलातही तेच झालं, आणि १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन मिटवलं.

भाची: म्हणजे असिस्टंट जिंकले.

मामा: जिंकले. कोर्टात. कोर्टवर नव्हे.

हा विनोद त्याने आधीच तयार करून ठेवला असावा, अशी माझी शंका आहे. पण मुद्दा पक्का होता. आज मोठ्या कॉलेजांत असिस्टंटला लाखांत डॉलर मिळतात हे खरं, पण सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्येच साडेतीनशेहून अधिक कॉलेजं आहेत आणि ती सगळी मोठी नाहीत. २०२३ पासून बेंचवर असिस्टंटच्या आणखी दोन जागा करायला परवानगी मिळाली. जागा वाढल्या, पण शिडी अरुंद ती अरुंदच.

भाची: आता मी बोलू? तुला आवडणार नाही, पण चॅपल हिलचं उदाहरण देणार आहे.

स्टेटच्या माणसासमोर चॅपल हिलचं, म्हणजे शेजारच्या प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं, नाव काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मामाने खुर्ची मागे सरकवली.

भाची: बिल गथरिज. १९६७ ला तिथल्या हेड कोचचा, डीन स्मिथचा, असिस्टंट झाला आणि १९९७ पर्यंत तिथेच. तीस वर्षं. शॉट कसा सोडायचा ते तो शिकवायचा, उंच पोरांना तो घडवायचा. डीन स्मिथ ८७९ विजयांवर निवृत्त झाला. तेव्हाचा तो विक्रम होता. त्यातल्या बहुतेक विजयांत गथरिज बाजूच्या खुर्चीवर होता. साठाव्या वर्षी हेड कोच झाला. तीन हंगाम केले, त्यात दोनदा फायनल फोर. ८० विजय, २८ पराभव. आणि गेला घरी.

मामा: म्हणजे तीन वर्षांसाठी तीस वर्षं थांबला.

भाची: थांबला नाही, मामा. इथेच तू चुकतोस. तू सगळ्या असिस्टंटांना बस स्टॉपवर उभं करतोस. त्याची बस कधीच आली होती, तो तीस वर्षं तिच्यातूनच चालला होता.

मामा: शेवटी लोक त्यालाही ‘डीनचाच संघ’ म्हणाले.

भाची: म्हणू देत. निम्मा त्याचाही होता.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मामाच म्हणाला, ‘दोघे एकाच वर्षी गेले. २०१५. डीन फेब्रुवारीत, हा मेमध्ये.’ कॅरोलायनावाल्यांबद्दल इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं.

माझं मत विचाराल तर हिशेब मामाचा बरोबर आहे, पण प्रश्न भाचीचा बरोबर आहे. या धंद्याकडे बाहेरून बघणारा माणूस एवढंच विचारतो की हा हेड कोच कधी होणार. जणू न झाला तर आयुष्य वाया गेलं. आपल्याकडे तबलजीला कोणी विचारतं का, की बुवा, तुम्ही गायला कधी लागणार?

भाचीने मग स्टीव्ह फिशरची गोष्ट काढली. मामाला ती ठाऊक होती, मला नव्हती. १९८९ च्या मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर असताना मिशिगनचा हेड कोच बिल फ्रीडर याने ॲरिझोना स्टेटची नोकरी धरली. स्पर्धा संपवून जाईन म्हणाला. मिशिगनचे क्रीडा संचालक बो शेम्बेकलर म्हणाले, जायचं तर आत्ताच जा. आणि संघ फिशरच्या हाती दिला. हा साधा असिस्टंट, हेड कोच म्हणून कॉलेजचा एकही सामना न खेळवलेला. सहा सामने, सहाही जिंकले. फायनल सिएटलला, सीटन हॉलविरुद्ध, जादा वेळेत ८०-७९. राष्ट्रीय विजेता.

मामा: लॉटरी. आणि १९९७ ला त्याच मिशिगनने काढलं त्याला.

भाची: पुढे ऐक ना. १९९९ ला तो सॅन डिएगो स्टेटला गेला. त्या कॉलेजने तोवर राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. पहिल्या हंगामात ५ विजय, २३ पराभव. त्याच्या शेजारी कोण होतं? ब्रायन डचर. मिशिगनच्या दिवसांपासूनचा. सॅन डिएगोत अठरा हंगाम हा असिस्टंट होता. २०१७ ला फिशर निवृत्त झाल्यावर खुर्ची त्याला मिळाली, तेव्हा पन्नाशी कधीच उलटली होती. आणि २०२३ ला संघ फायनलला.

मामा: कनेटिकटने हरवलं. ७६-५९. पार धुतलं.

भाची: हो. हरला. पण ते कॉलेज बास्केटबॉलचं गाव झालं ते त्या दोघांनी केलं म्हणून. आणि कनेटिकटचंच म्हणशील, तर तिथल्या मुलींचा संघ घे. १९८५ ला जीनो ऑरिएमा आला, त्याच्याबरोबर क्रिस डेली आली. त्याआधी त्या संघाचा विजय जास्त, पराभव कमी असा एकच हंगाम झाला होता. आता बारा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. ती अजून त्याच्याच शेजारी आहे. चाळीस वर्षं! बाई हेड कोच झाल्याच नाहीत, आणि विमेन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेल्या.

मामा: शंभरात एक.

भाची: हेड कोच तरी किती?

मामाने यावर उत्तर शोधलं नाही, विषय बदलला. वादात ही हरल्याची खूण असते, पण त्याने काढलेला नवा विषय जास्त कडू होता.

मामा: आणि २०१७ चा सप्टेंबर? एफबीआयने कोणाला पकडलं? चार कॉलेजांचे चार असिस्टंट. ऑबर्न, ॲरिझोना, ओक्लाहोमा स्टेट, सदर्न कॅलिफोर्निया. पैसे घेऊन पोरांना ठरावीक एजंटांकडे वळवायचे. चौघांनी गुन्हा कबूल केला, दोघे तुरुंगात जाऊन आले. त्या चौघांच्या हेड कोचांपैकी कोणावर खटला? एकावरही नाही. पोरगा संघात आणायची जबाबदारी असिस्टंटची, म्हणून पोराभोवतीचा सगळा चिखल त्याच्या बुटाला. वरचा माणूस म्हणायला मोकळा, मला काही ठाऊकच नव्हतं.

भाची: त्यांनी पैसे घेतले, मामा. त्यांची बाजू मी कशाला घेऊ?

मामा: घेऊ नकोस. पण खुर्ची ओळख.

ती गप्प राहिली. मग स्वतःहूनच दुसरं काही सांगू लागली, आणि मला वाटतं त्या दुपारचं सगळ्यात खरं बोलणं ते होतं.

भाची: मला भीती त्याची नाही वाटत. वेगळ्याची वाटते. आमच्या असिस्टंट कोच जुलैचं सांगतात. शाळकरी मुलींच्या मोठ्या स्पर्धा असतात, एका छपराखाली वीस-वीस कोर्टं. त्या दिवसांत मुलीशी प्रत्यक्ष बोलायला नियमाने बंदी. मग जायचं कशाला? दिसायला. कॉलेजचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायचं, म्हणजे ती मुलगी चेंडू घेताना बघेल की या पुन्हा आल्यात. तीन वर्षं हेच. तिच्या आईचा वाढदिवस लक्षात ठेवायचा, धाकट्या भावाचं ऑपरेशन विचारायचं. मग ती यायची. आणि चार वर्षं राहायची. आता कॉलेज बदलायला ट्रान्सफर पोर्टल आलंय. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीचे पैसे आले, त्याच वर्षी एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलायची मुभा आली. आमच्याकडून गेल्या वर्षी पाच जणी गेल्या. एप्रिलमध्ये एका आठवड्यात. जिच्यासाठी कोच तीन वर्षं फिरल्या, तिने मेसेज केला. फोनही नाही.

मामा: मुलींनी पैसे मिळवू नयेत?

भाची: मिळवावेत! आधीच मिळायला हवे होते. त्यांच्याच जिवावर सगळं चालतं. पण मग मी जे शिकायला जातेय, माणूस ओळखायचं, घडवायचं, ते काम पाच वर्षांनी राहणार आहे का, की नुसती बोली लावायची? हे मला रात्री छळतं. पगार नाही छळत.

मामा इतका वेळ याच वाक्याची वाट बघत होता. आता तो तुटून पडेल असं मला वाटलं. त्याने चहाचा कप उचलला, रिकामा आहे हे बघून ठेवला.

मामा: हेच तुझ्या आईला सांग. पगाराचं सांगू नकोस, ती माझ्यासारखी आहे.

भाची: काय सांगू? की मला भीती वाटते, तरी जाते?

मामा: ते ग्रॅज्युएट असिस्टंटला विमा देतात का?

भाची: कसला?

मामा: आरोग्याचा. दाताचा. मिडवेस्टमध्ये बर्फावरून घसरलीस तर?

भाची: विचारलं नाही.

मामा: बघा! आणि म्हणे समोरच्याच्या टाइमआउटनंतरची चाल सांगते.

मामी म्हणाली, विमा ती उद्या फोन करून विचारेल, आता वाद पुरे, पोहे गार झाले. भाचीने एका हाताने बशी ओढली आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप. एनसीएएच्या नियमाने खेळाडूंना आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. मॅनेजरबद्दल नियमात काही नसावं. गुरुवारच्या फिल्मसाठी अजून तीन सामने उरले होते.

ती क्लिपा कापत राहिली. मी पेपर उघडला. मामा उठून टीव्ही लावेल असं वाटलं होतं, पण तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, चष्मा कपाळावर चढवून. पडद्यावर तीच मुलगी, दुसऱ्या कुठल्या सामन्यात, दुसऱ्या रंगाच्या जर्सीत. तिच्यासाठी स्क्रीन लागली.

‘आता डावीकडे,’ मामा म्हणाला.

ती उजवीकडे गेली आणि सरळ बास्केटखाली पोचली.

‘का गेली?’ त्याने विचारलं.

भाचीने क्लिप चार सेकंद मागे नेली आणि थांबवली. ‘चेंडू नको बघूस,’ ती म्हणाली. ‘तिच्यासमोरच्या मुलीचा डावा पाय बघ.’